उभ्याने केर

घरातल्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. एक, ज्या बंद पडल्या की घर बंद पडते. आणि दुसऱ्या, ज्या बंद पडल्या की घरातल्यांची तोंडे सुरू होतात. गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याचा पंप ही मंडळी पहिल्या प्रकारात मोडतात. तिथे चर्चेला वावच नसतो. सकाळी फ्रीज गेला की संध्याकाळी नवा फ्रीज जिना चढत असतो, आणि हप्त्यांचा विचार तो दारातून आत आल्यावर सुरू होतो. व्हॅक्यूम क्लीनर हा दुसऱ्या प्रकारातला. तो बंद पडल्याने दूध नासत नाही की कोणाचा डबा चुकत नाही. केर तेवढा साठतो, आणि केर हा पदार्थ कितीही दिवस ठेवला तरी खराब होत नाही. त्यामुळे जुन्याच्या जागी नवा कोणता घ्यावा ह्यावर प्रत्येकाला मत असते, आणि ते सविस्तर मांडायला सवडही असते.

तुम्ही म्हणाल, डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, एका बँक कारकुनाच्या घरी, हे प्रकरण शिरलेच कसे? (कारकून हा शब्द मी सवयीने वापरला. २०२४ च्या मार्चमध्ये आमचा वेतनकरार झाला, त्यात आमचे नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे ठेवण्यात आले. नाव लांबले, रांगही लांबली.) तर त्याचे असे झाले. माझा एक आतेभाऊ इंग्लंडात नोकरीला होता. २००८ साली तो गाशा गुंडाळून परत आला, आणि गाशा गुंडाळून हे अगदी शब्दशः, कारण सामानात एक जाडजूड गालिचा होता. पुण्याच्या त्याच्या नव्या घरात गालिचा मावेना, म्हणून तो आमच्याकडे आला. आणि गालिच्याची पाठराखीण म्हणून त्याच्याबरोबर व्हॅक्यूम क्लीनरही आला.

हा व्हॅक्यूम क्लीनर उभ्या जातीचा होता. आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो एक डबा, त्याला एक लांब सोंड, आणि सोंड धरून चालणाऱ्या माणसाच्या मागे, बाजारात हट्टाला पेटलेल्या पोरासारखा अडत-अडखळत फरफटत येणारा तो डबा. उभ्या जातीचे तसे नाही. त्याची मोटर आणि ब्रश खाली जमिनीलगत, दांडा वर छातीपर्यंत, आणि मधे पोटावर केराची पिशवी, दुपारच्या जेवणानंतर शतपावलीला निघालेल्या गृहस्थासारखी. दांडा धरायचा आणि चालायचे. वाकायचे नाही, बसायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही. खाली ब्रशाचा रूळ गरगर फिरतो, गालिच्याच्या मुळाशी बसलेली धूळ उकरतो, आणि वरून पंखा ती ओढून घेतो. गालिच्यावर हे फार शोभून दिसते. उघड्या फरशीवर मात्र तोच रूळ मोहरीचे दाणे असे काही उडवतो की फोडणी दिवाणखान्यातच चालली आहे असे वाटावे.

त्याच्या वायरीला तीन चौकोनी पायांची इंग्रजी पिन होती. ह्या पिनेच्या पोटात एक इवलासा फ्यूज असतो, आणि ती आपल्या गोल भोकांत शिरत नाही. पण एक बदलपिन आणली आणि काम भागले, कारण विजेचा दाब तिथला आणि इथला सारखाच, २३० व्होल्टचा. आतेभाऊ अमेरिकेहून आला असता तर त्याचे १२० व्होल्टवर वाढलेले यंत्र आमच्याकडे पहिल्याच दिवशी धारातीर्थी पडले असते. माणसाने परदेशी जाताना नोकरीबरोबर तिथला व्होल्टेजही पाहून जावे, असे माझे तेव्हापासून मत आहे.

आईने सुरुवातीला ह्या यंत्राला घरात घेतले, पण मनात घेतले नाही. त्याला जुने कारण होते. मी शाळेत असताना, म्हणजे १९९० च्या सुमारास, टाय लावलेले तरुण दारोदार व्हॅक्यूम क्लीनर दाखवत हिंडत. असाच एक आमच्या चाळीत आला. त्याने आईच्या हातचा चहा घेतला, मग यंत्राच्या तोंडाशी एक पांढरे शुभ्र फडके लावले, ते आमच्या गादीवरून फिरवले आणि काळेकुट्ट झालेले फडके पुढे धरून म्हणाला, "बघा मॅडम!" दिवसातून दोनदा केर काढणाऱ्या आणि दर रविवारी गाद्या उन्हात टाकणाऱ्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच कपातला चहा पिऊन कोणी हे दाखवावे? आई एवढेच म्हणाली, "तुमचं फडकं आधीपासून मळकं असेल." त्या यंत्राची किंमत ऐकून वडिलांनीही फडके मळकेच असल्याचा निर्वाळा दिला.

तेव्हा आमच्या घरात केर काढायची ती केरसुणी. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचे, तिला पाय लागला तर नमस्कार करायचा, आणि तिन्हीसांजेनंतर तिला हात लावायचा नाही. एवढा मान घरात फक्त तिला आणि वडिलांच्या पगाराच्या दिवसाला होता.

ही केरसुणी आईच्या हातून सुटली ती डिसेंबर २०१६ मध्ये. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. (गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली ऑगस्ट २०१७ मध्ये. आम्ही आठ महिने आधी खरेदी केली. सरकारी धोरण आणि आमची खरेदी ह्यांची गाठ कधी पडत नाही.) डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले, "आजी, आता झकास चालायचं. पण उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जमिनीवरचं काम करायचं नाही." आई "बरं" म्हणाली. पण घरी येऊन तिने पाहिले, तर तिच्या आयुष्यातली निम्मी कामे जमिनीवरचीच निघाली. विळीवर भाजी चिरणे गेले, रांगोळी गेली, पाटावर बसून पूजा गेली, आणि केर गेला.

दोन महिने ती खुर्चीत बसून आमचे केर काढणे पाहत होती. आमचे केर काढणे पाहणे हीदेखील एक शस्त्रक्रियाच असते, फक्त भूल न देता केलेली. मग एके दिवशी ती उठली, कोपऱ्यातले ते इंग्रजी यंत्र पुढे घेतले, बटण दाबले आणि उभ्याने चालू लागली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. पाठ ताठ, मान ताठ. आणि दोन महिन्यांनी घरात पुन्हा ते शब्द ऐकू आले, "पाय वर घ्या!"

ह्या शब्दांचे महत्त्व ज्यांच्या घरात केर निघतो त्यांना वेगळे सांगायला नको. केर काढणाऱ्या बाईला घरात दहा मिनिटांपुरते जे अधिकार असतात, ते सरन्यायाधीशांनाही नसतील. खुर्चीतला कर्ता पुरुष पाय वर घेतो. पेपर वाचणारा पाहुणा पाय वर घेतो. इंजिनिअर झालेला मुलगा पाय वर घेतो. आईने पुढची आठ वर्षे हा अधिकार रोज सकाळी साडेसातला बजावला.

आणि मग गेल्या वर्षी ते यंत्र बंद पडले.

तसे ते अधूनमधून आजारी पडायचेच. ब्रशाचा रूळ फिरवणारा रबरी पट्टा झिजून तुटायचा. त्या मापाचा पट्टा डोंबिवलीत मिळणे शक्य नव्हते. पण आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने शिलाई मशीनचा पट्टा कापून, जोडून बसवला, आणि ते इंग्रजी यंत्र मराठी पट्ट्यावर आणखी काही वर्षे चालले. ह्या खेपेला मात्र मिस्त्रीने ते उघडले, हुंगले आणि डॉक्टर चष्मा काढतात तसा स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "साहेब, आर्मेचर जळालं. रिवाइंडिंग करून देतो, पण गॅरंटी नाही. खर्च करू नका." मिस्त्रीने स्वतःहून खर्च करू नका म्हणणे हा यंत्राच्या बाबतीत मृत्यूचा दाखलाच असतो.

घरात सभा बसली. अंदाजपत्रक मी जाहीर केले: रुपये ६,००० फक्त. वेतनकराराची थकबाकी मिळाली होती, तिच्यातून मुलीची फी, सोसायटीची देणी आणि एक दातांचे काम वजा जाता एवढेच शिल्लक होते. मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत आम्ही खुर्ची घ्यायची तरी तीन कोटेशने मागवतो आणि तुलनात्मक तक्ता करतो. मी वहीत रकाने आखले: किंमत, वॅट, वजन, पिशवी, आवाज, हमी.

पहिले मत शेजारच्या निवृत्त इंजिनिअर काकांचे. ते म्हणाले, "वॅट बघ, वॅट! दोन हजारांच्या खाली घेऊ नकोस." आता वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते त्याचा आकडा, काम किती करते त्याचा नव्हे. आमच्या शाखेत सर्वांत जास्त चहा कोण पितो आणि सर्वांत जास्त व्हाउचरे कोण उरकतो ह्यांची यादी केली, तर पहिले नाव दोन्हींत सारखे नसते. युरोपात तर २०१४ साली व्हॅक्यूम क्लीनरला १,६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ साली ती ९०० वर आणली, आणि तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत. खरा प्रश्न ओढीचा. पंखा, नळी, ब्रश आणि गाळणी ह्यांचे जमले तर कमी वॅटमध्ये ओढ चांगली लागते. नाही जमले तर यंत्र नुसते तापते आणि ओरडते, तपासणी अधिकारी आल्यावर शाखा तापते तसे. हे मी काकांना सांगितले. ते म्हणाले, "तरीपण दोन हजार."

दुसरे मत मुलीचे. "बाबा, बिनवायरचा घ्या. हलका असतो. सगळे तोच घेतात." हा प्रकार मी दुकानात हातात धरून पाहिला. हलका खरा, पण त्याची मोटर, बॅटरी आणि केराचा डबा हे सगळे वर, मुठीपाशी. म्हणजे वजन थोडे असले तरी ते आपल्या मनगटाने पेलायचे. उभ्या जातीत वजन जास्त, पण ते जमीन पेलते. एकूण बोजा किती ह्यापेक्षा तो कोणाच्या खात्यावर पडतो हे महत्त्वाचे, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी शिकवायला नको. शिवाय डब्यावर लिहिलेली मिनिटे ही बहुधा सर्वांत मंद वेगाची असतात, जोर वाढवला की ती भराभर आटतात. आणि बॅटरी दर वर्षी थोडी थोडी म्हातारी होते. नवी बॅटरी घ्यायची वेळ आली की कळते, आपण यंत्र घेतले नव्हते, बॅटरीला जोडून एक दांडा घेतला होता.

तिसरे मत माझ्या मेहुण्याचे. तो पुण्याला असतो आणि पुढच्या काळात राहतो. "भावोजी, रोबो घ्या! सकाळी बटण दाबायचं आणि विसरून जायचं. काकूंना हात लावायला नको." मी किंमत विचारली. ती आमच्या अंदाजपत्रकाच्या जवळजवळ तिप्पट निघाली. पण किमतीचे एक वेळ बाजूला ठेवू. आमच्या घरात उंबरठे आहेत, गालिच्याला झालरी आहेत, पलंगाखाली तीन ट्रंका आणि पाहुण्यांच्या गाद्या आहेत, आणि दिवाणखान्यात चार मोबाइलच्या चार वायरी लोंबतात. ह्या घरात मीदेखील अडखळल्याशिवाय चालत नाही. त्या बिचाऱ्या वाटोळ्या जिवाने कुठे जावे? 

चौथे मत सौ.चे, आणि ते सर्वांत समजूतदार होते. ती रात्री हळूच म्हणाली, "यंत्रच कशाला? बाई लावू केराला. आईंनी पंच्याहत्तरीला केर काढायचा म्हणजे... लोक काय म्हणत असतील? सून घरात असून सासू केर काढते." ह्यात तिचे काही चुकत नव्हते. तिला स्वतःला धुळीची ॲलर्जी. केर काढायला घेतला की वीस शिंका. आईने कोणाला न सांगता केराचे काम उचलले त्यात हेही एक कारण होते. पण शिंका घरात ऐकू येतात, आणि सासूने काढलेला केर समोरच्या इमारतीतून दिसतो.

चारही मते वहीत उतरली. मला मोठी गंमत वाटली. काकांचे दोन हजार वॅट सोडले तर बाकी तीनही सूचनांचा अर्थ एकच होता: आईने केर काढू नये. आणि ह्या सगळ्या सभेत आई एक अक्षर बोलली नव्हती. ती खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. सोललेल्या शेंगांच्या टरफलांचा एकही तुकडा खाली पडू देत नव्हती, कारण पडलेला उचलायचा कोणी, हा प्रश्न आता अनिर्णित होता.

मला माझे वडील आठवले. तेही बँकेतच होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तेव्हा एक लाखाच्या आसपास माणसे घरी गेली, त्यांत वडीलही गेले. रक्कम चांगली मिळाली. सगळे म्हणाले, आता आराम करा. वडिलांनी आराम करायचा मनापासून प्रयत्न केला. पण रोज सकाळी नऊला ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत आणि घड्याळाकडे पाहत. मग दूधवाल्याचा हिशेब काढत. मग तोच हिशेब खालून वर तपासत. वाण्याची बिले, विजेची बिले, अगदी पेपरात आलेले राज्याच्या अर्थसंकल्पाचे आकडेही ते बेरीज करून पाहत, आणि जुळले की त्यांचा चेहरा पडे, कारण काम संपले. आई तेव्हा त्यांच्यासमोरून केर काढत जाई आणि म्हणे, "पाय वर घ्या." ते पाय वर घेत. त्या घरात कामावर कोण होते आणि निवृत्त कोण, हे त्या तीन शब्दांत स्पष्ट होई.

आमच्या शाखेत आता पासबुक छापायचे यंत्र दाराशी उभे आहे. ते आल्यापासून माझ्याकडे पासबुकाला कोणी येत नाही; यंत्रात पासबुक अडकले की येतात. मी मेहुण्याच्या रोबोचा विचार केला तेव्हा मला ते यंत्र आठवले. आईला रोबोमागे फिरून त्याला झालरीतून सोडवायचे काम मिळाले असते. म्हणजे माझेच काम.

ह्या यंत्राचा इतिहास मी तेव्हा थोडा वाचला. (कॉमर्सचा माणूस खर्च टाळायला काहीही वाचतो.) इंग्लंडात १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने केर ओढून घेणारे यंत्र काढले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवरून आणावे लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. ह्यात घराचा मालक खिडकीत, घोडा रस्त्यावर. केर काढणारा माणूस कुठेच नाही.

पण हाताने ढकलायच्या उभ्या यंत्राची गोष्ट वेगळी आहे. ते काढणारा ना बडा इंजिनिअर होता ना सरदार. तो होता ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या एका दुकानाचा झाडूवाला, जेम्स मरी स्पँगलर. वय साठीला टेकलेले, त्यात दमा. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा व्हायचा. काम सोडावे तर खायचे काय? त्याने १९०७ साली एक पंख्याची मोटर, एक खोका, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जमवून हे यंत्र बांधले. अभ्रा म्हणजे केराची पिशवी. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. पुढे ते विल्यम हूवर ह्या घोड्यांचे चामडी सामान बनवणाऱ्या कारखानदाराने घेतले. मोटारी आल्या होत्या, घोडे चालले होते, त्यालाही नवा धंदा हवाच होता. इंग्लंडात आजही केर काढण्याला 'हूवर करणे' म्हणतात. नाव हूवरचे झाले; पण उशीचा अभ्रा स्पँगलरचा.

मला ह्यात मोलाची वाटली ती एकच गोष्ट. हे यंत्र कोणाला घरी बसवण्यासाठी निघाले नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाला, श्वास न कोंडता, आपल्या कामावर उभे राहता यावे म्हणून निघाले होते. बाकीची सगळी यंत्रे काम माणसाकडून काढून घेतात. ह्याने काम माणसाकडे ठेवले.

मी वहीत किमतीच्याही आधी एक रकाना आखला. त्याला नाव दिले: 'आई'. आणि रविवारी मी आईलाच दुकानात घेऊन गेलो.

दुकानदाराने सवयीने माझ्याकडे पाहून सुरुवात केली. "साहेब, हा बघा, ओला-सुका दोन्ही, एकवीस लिटर, घरातलं पाणीसुद्धा ओढतो." आई म्हणाली, "आमच्या घरात पाणीच येत नाही." मग त्याने बिनवायरचा दाखवला, भिंतीला टांगायचा दाखवला, गाडीतला दाखवला. आई वांगी पाहावीत तशी प्रत्येकाकडे पाहत पुढे गेली, आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, पंख्यांच्या खोक्यांआड, एक उभा, वायरवाला, मोटर खाली असलेला तिला दिसला. "तो काढा."

"आजी, ते मॉडेल कोणी घेत नाही हो. आपल्याकडे चालत नाही."

"मी चालवते," आई म्हणाली.

दुकानदाराने फरशीवर मूठभर रवा टाकला. आईने त्यालाच सांगितले, "रवा कशाला? मोहरी आहे का?" शेजारच्या वाण्याकडून मोहरी आली. आईने दांडा धरला. दांड्याची उंची पाहिली, यंत्र तिरके केल्यावर हाताला किती लागते ते पाहिले, ब्रशाचा रूळ बंद करायचे बटण वेगळे आहे ना ते पाहिले. फरशीवर रूळ बंद, गालिच्यावर चालू. आठ वर्षे उडालेल्या मोहरीने शिकवलेले हे शहाणपण होते. मग ती दुकानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. पाठ ताठ, मान ताठ. रविवारच्या गर्दीतली दोन गिऱ्हाइके आपोआप बाजूला झाली.

मग तिने प्रश्न विचारले. वायर किती लांब? पिशवी कापडी आहे ना, धुता येते ना? आणि पट्टा तुटला तर कुठे मिळतो? मी सात रकान्यांची वही घेऊन हिंडत होतो. ह्या तीन प्रश्नांनी दुकानदार पहिल्यांदा आमच्याकडे नीट वळला. त्याने खण उघडून पट्टे दाखवले. आईने दोन पट्टे आगाऊ मागितले, फुकट.

राहता राहिली किंमत. चिठ्ठीवर ७,२०० होते. मी जीएसटीचा विषय काढून पाहिला. व्हॅक्यूम क्लीनरवरचा कर जुलै २०१८ मध्येच २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे मी त्याला ऐकवले. तो म्हणाला, "साहेब, म्हणूनच ७,२०० आहे." मग कोपऱ्यात किती दिवस पडून आहे, जुने यंत्र घेणार का, रोख की कार्ड, असे करत करत तो ६,४०० वर येऊन अडला आणि मी ६,००० वर. बँकेत असा तिढा पडला की प्रकरण मुख्य कार्यालयाकडे जाते. इथे मुख्य कार्यालय शेजारीच उभे होते. आईने कमरेची पिशवी सोडली, चार शंभराच्या नोटा मोजल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता, ६,४०० त ४०० म्हणजे आईचे भांडवल सव्वासहा टक्के. कंपनी कायद्याप्रमाणे एवढ्यात संचालक नेमायचाही जोर येत नाही. पण आमच्या घरी कंपनी कायदा चालत नाही. व्यवस्थापनाचे सर्व अधिकार त्याच संध्याकाळी आईकडे गेले.

सौ.चा प्रश्न मात्र शिल्लक होता, आणि तो पैशाने सुटणारा नव्हता. तो आईनेच सोडवला. रात्री जेवताना ती म्हणाली, "हे बघ, समोरच्या कुणी विचारलं ना, तर सांग, सासू ऐकत नाही. खोटं नाही ते." सौ.ला हसू आले, आणि लगेच शिंकही आली. तेव्हापासून दोघींत एक करार आहे. पिशवी रिकामी करायची वेळ आली की सौ.ने स्वयंपाकघराचे दार लावून घ्यायचे. आई गॅलरीत खुर्चीवर बसून ओल्या वर्तमानपत्रावर पिशवी झटकते. ओल्या कागदावर धूळ बसते, उडत नाही. पेपर मी पाहिलेला असो वा नसो, तो ओला होतो.

लक्ष्मीपूजनाला आईने नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले. केरसुणी दर वर्षी येतेच, वापरणारे कोणी नसले तरी. मग तिने दोन बोटे यंत्राच्या दांड्यालाही लावली. मुलीने विचारले, "आजी, हिलापण?" यंत्राचे लिंग बदलल्याचे आमच्या कोणाच्या लक्षातही आले नाही.

मेहुणा दिवाळीला आला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गालिच्यावर पाय पसरून, चहाचा कप हातात घेऊन, रोबो आता किती स्वस्त झालेत ते मला मोबाइलवर दाखवत होता. घड्याळात साडेसात झाले. आतून घरघर ऐकू आली. त्याच्या हातातला कप हिंदकळला, आणि पुढच्या काळात राहणाऱ्या त्या माणसाने, कोणी काही सांगायच्या आत, दोन्ही पाय सोफ्यावर घेतले.

मी तर ते सात एकोणतीसलाच घेतले होते.